बिनमार्कांचा तास

सरांच्या एम-एटी गाडीबद्दल आमच्या गावात एक विनोद होता. "सर बी चालू, गाडी बी चालू, पण दोघं जाग्यावरच." त्यात खोटं काही नव्हतं. सर किक मारायचे, इंजिन धडधडायला लागायचं, आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात काहीतरी यायचं. मग एक पाय जमिनीला टेकवून, हँडल धरून, समोरच्या बाभळीकडं बघत ते बसून राहायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. धुराचा लोट बाजूच्या टपरीत शिरायचा. टपरीवाला शेवटी ओरडायचा, "आवं सर, गिअर टाका की!" सर दचकायचे, "व्हय व्हय" म्हणायचे, आणि गाडी बंद करायचे.

आमचं गाव विट्याच्या पुढं, माळावर. पाऊस आमच्या डोक्यावरून पुढं जाऊन दुसऱ्याच्या रानात पडायचा. सर मूळचे रहिमतपूरचे. आमच्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवायचे, ग्रामपंचायतीमागच्या खोलीत एकटे राहायचे आणि एकाआड एक शनिवारी घरी जायचे. दर शनिवारी सकाळच्या शाळेचा शेवटचा तास त्यांचा असायचा. वेळापत्रकात त्यावर 'गणित सराव' असं लिहिलेलं. पण त्या तासाला सर आत आले की पहिल्यांदा म्हणायचे, "वह्या दप्तरात. पेन खिशात. हात मांडीवर."

मग एक प्रश्न. फक्त एक.

"समजा, गावातली सगळी घड्याळं एकदम बंद पडली. कुणाकडंच बरोबर वेळ न्हाई. तर शाळा कवा भरवायची? आणि ती बरोबर वेळेला भरली, हे कोण ठरवणार?"

"माझ्या रानातलं पाणी जमिनीखालनं तुझ्या विहिरीत आलं. पाणी कुणाचं?"

"मुंगीला आपली सावली दिसत असंल का?"

कुणीतरी विचारायचंच, "सर, ह्याला मार्क हायत का?" या वाक्याची सर जणू वाटच बघत असायचे. चेहरा असा उजळायचा. "न्हाईत! म्हणून तर विचारतोय."

आणि त्या तासाचा एक कडक नियम होता. त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही. कुणी हात वर केला की सर म्हणायचे, "हात खाली. एवढ्या लवकर आलेलं उत्तर तुझं नसतंय. कुठंतरी ऐकलेलं असतंय. पुढच्या शनिवारी सांग." मधले सात दिवस तो प्रश्न डोक्यात घेऊन आम्ही शेळ्या राखायचो, पाणी भरायचो, मार खायचो. माझ्यासारख्या घाबरट पोराला ही फार मोठी सोय होती. बाकीच्या तासाला उत्तर आलं नाही की छडी. इथं उत्तर आलं तरी ते गप गिळून बसायचं.

हेडमास्तरांना हे पटत नव्हतं. अभ्यासक्रम मागं राहायचा. एकदा ते वर्गाच्या दारात येऊन आमच्यासमोरच म्हणाले, "सर, ह्याचा उपयोग काय?"

सरांनी खरोखर विचार केला. खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "सध्या तरी काही दिसत न्हाई. झाला तर कळवतो."

त्यात टोमणा नव्हता. सरांना टोमणा मारता यायचा नाही.

उपयोग एकदा झाला, तो असा. सरांनी विचारलं होतं, "खड्डा काढायचा आणि त्यातलीच माती परत त्याच खड्ड्यात घालायची. माती उरती. उरती ती आली कुठनं?" आठवडाभर सगळ्या गावात पोरं खड्डे काढत होती. पुढच्या शनिवारी माझ्या बाकाच्या पलीकडं बसणारी नजमा उभी राहिली. नजमा मुलाण्यांची, वर्गात सगळ्यात हुशार, आणि तिला कुणाचंच भ्या नव्हतं. ती म्हणाली, "सर, आमच्या वस्तीवर उरली न्हाई. कमी पडली."

सर खुर्चीतनं उठलेच. "कमी पडली? खात्री हाय?"

"तीनदा भरून बघितला सर. अब्बांनी बी बघितला."

"मग शाळेच्या माळावर काय हुतंय ते बघाय पाहिजे!"

त्या दुपारी आम्ही शाळेपुढच्या कबड्डीच्या मैदानात अकरा खड्डे काढले. गुडघाभर खोल. काही ठिकाणी माती उरली, काही ठिकाणी बरोबर बसली. पाऊस पडल्यावर काय होतं ते बघायचं म्हणून सरांनी पाच-सहा खड्डे तसेच उघडे ठेवायला सांगितले, आणि ते रहिमतपूरला गेले. सोमवारी तालुक्याहून विस्तार अधिकारी तपासणीला आले. हेडमास्तर त्यांच्यासोबत गेटातनं आत आले आणि मैदान बघून जागेवर थांबले. साहेबांनी विचारलं, "हे काय?" हेडमास्तरांच्या तोंडातनं पटकन निघालं, "वृक्षारोपण."

साहेब इतके खूश झाले की दोन दिवसांत त्यांनी टेम्पोतनं कडुलिंबाची रोपं पाठवून दिली. भरलेले खड्डेसुद्धा हेडमास्तरांनी परत काढायला लावले. अकरा खड्डे, अकरा लिंब. आज त्या लिंबाखाली शाळेची प्रार्थना होते. सर मात्र दोन आठवडे नाराज होते. "आता माती मोजायची कशी? मधी झाड आलं न्हवं." तरी एक दिवस ते हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन सांगून आले, "सर, तुमी उपयोग विचारला हुता. सावली."

आता मला न आवडणाऱ्या गोष्टीकडं यायला पाहिजे.

आमच्या भागात पोरगं नववीला गेलं की त्याच्या मार्कांआधी उंची बघतात. भट्टीच्या ओट्यापर्यंत हात पोचतो का, एवढंच. माळावर काही पिकत नाही, म्हणून आमची माणसं दोन-तीन पिढ्या सोनं-चांदी गाळायला देशभर गेलेली आहेत. सोनार जुना दागिना आणून देतो, आम्ही तो वितळवून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढून देतो. त्याला गलाई म्हणतात. माझा मामा केरळात, त्रिशूरला गलाईच्या दुकानात होता. मी नववीत असताना तो यात्रेला गावी आला, मला उभा करून डोक्यावर हात ठेवून बघितलं आणि आईला म्हणाला, "तायडे, हुतंय आता ह्यो." वडलांची पाठ गेलेली होती, घरात दुसरं कमवणारं नव्हतं. मिरजेहून रेल्वे होती, मंगळवारची.

मी शनिवारच्या तासानंतर सरांच्या खोलीवर गेलो. रडायचं नाही असं ठरवून गेलो आणि दारातच रडलो. "सर, तुमी घरी या. तुमी सांगितलं तर मामा ऐकंल. दहावीपर्यंत तरी."

सर त्या शनिवारी रहिमतपूरला गेले नाहीत. म्हणाले, "उद्या सोमवार... न्हाई, उद्या रविवारच हाय. उद्या येतो. तू घाबरू नगंस."

रविवारी दुपारी एम-एटी दारात आली. आईनं घोंगडं टाकलं, चहा ठेवला. मी आतल्या खोलीत दाराच्या फटीला डोळा लावून उभा. मामा म्हणजे अगदी मितभाषी माणूस. 'व्हय', 'न्हाई' आणि 'बघू' या तीन शब्दांवर त्याचं वर्ष जायचं. सर बसले, चहाची बशी हातात घेतली आणि बोलायला काहीतरी सुरुवात पाहिजे म्हणून त्यांनी विचारलं, "मला सांगा, दागिना वितळवला की त्यातलं सोनं तेवढं वेगळं कसं काढता?"

"आदी त्यात चांदी घालायची," मामा म्हणाला.

"चांदी? घालायची?"

"व्हय. सोन्याच्या तिप्पट."

सरांनी बशी खाली ठेवली. "थांबा, थांबा. सोनं शुद्ध करायचंय न्हवं? मग आदी भेसळ वाढवायची?"

"व्हय. मग तेजाबात उकळायचं. चांदी विरघळून जाती, सोनं तळाला ऱ्हातंय."

"पण आदी घालायची कशाला?"

"तसंच करत्यात."

"ते झालं. पण का?"

वीस वर्षं रोज मामा हे काम करत होता, आणि हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आई चहा घेऊन परत गेली, परत आली. मला वाटत होतं, आता सर बोलतील, आता बोलतील. ऊन भिंतीवरनं सरकून दारात गेलं. मग मामा एकदम म्हणाला, "सर, सोनं जास्त असलं तर ते चांदीला झाकून बसत असंल. तेजाबाला आत जायला वाटच न्हाई. चांदी जास्त केली की वाट घावती. वाटंवाटंनं आत जाऊन तेजाब सगळी चांदी बाहेर काढतंय."

सरांनी मांडीवर अशी थाप मारली की दारातली कोंबडी उडाली. "वाट! आवं, काय बोललासा तुमी!"

त्यानंतर मामा बोलतच सुटला. सोनं वितळवायची मूस कशी तापवायची, धूर कोणत्या रंगाचा येतो, तळाला राहिलेलं सोनं पिवळं नसतं, मातीसारखी तपकिरी भुकटी असते, हे सगळं. माझा मामा एवढं बोलू शकतो हे आईला पण माहीत नव्हतं. दिवस मावळला तेव्हा दोघं सख्ख्या भावासारखे बसले होते. सर उठले, मामाचा हात हातात घेतला, बाहेर येऊन किक मारली. मी धावत गेलो. सर माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझा मामा लय मोठा माणूस हाय रं गड्या!" आणि निघून गेले. गाडी एकदाही थांबली नाही.

माझ्या शाळेबद्दल ते एक शब्द बोलले नव्हते. विसरले होते.

मंगळवारी सकाळी एसटी स्टँडवर मी पत्र्याची ट्रंक घेऊन बसलो होतो. मामा खिडकीपाशी जागा धरून बसलेला. गाडी सुटायच्या बेतात असताना सर आले. पळत. एम-एटी वाटेत बंद पडली होती, की ती चालू आहे हेच विसरले होते, मला माहीत नाही. दम लागलेला. ते खिडकीशी गेले आणि म्हणाले, "मामा, पोराला दहावी करू द्या. मी रविवारी त्याच्यासाठीच आलो हुतो."

मामानं त्यांच्याकडं बघितलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "आवं सर, दिसभर बसलासा की. तवा का न्हाई बोललासा? आता तिकडं मालकाला सांगून बसलोय, पोरगं आणतो म्हणून."

आयुष्यात एवढे प्रश्न विचारलेला माणूस, तो गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून नुसता उभा होता. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मी चुकलो."

मास्तर पोराला असं म्हणालेला मी तोवर कधी ऐकला नव्हता, आणि त्यानंतरही नाही.

त्यांनी खिशातनं पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला. प्रत्येकावर आधीच त्यांचा पत्ता लिहिलेला. "मामा म्हणतोय, सोनं निघतं तवा तपकिरी असतंय. मग ते पिवळं कवा हुतंय? नेमकं कवा? घाई करू नगंस. बघ आणि कळव." गाडी हलली. सर बाजूनं चालत म्हणाले, "ह्याला मार्क न्हाईत."

त्रिशूरला पहिलं वर्ष मी फक्त घाबरलो. भाषा कळत नव्हती, तेजाबाच्या धुरानं डोळे चुरचुरायचे, मूस हातातनं पडेल याची भीती, गॅस चालू राहिला असेल याची भीती. गॅसचा कॉक मी अजूनही तीनदा बघतो. पण शनिवारी दुकान लवकर बंद व्हायचं, आणि मी भुकटीपुढं बसायचो. पहिलं कार्ड लिहिलं तेव्हा सहा महिने झाले होते. "सर, भट्टीत न घालता नुसती नखानं घासली तरी पिवळी होते. मी स्वतः बघितलं."

उत्तर आलं, "वा! मग भट्टी कशाला?"

मामाला विचारलं. मामा म्हणाला, "गिऱ्हाईक भुकटी घेत न्हाई म्हणून." तेही कळवलं. सरांनी लिहिलं, "मामांना नमस्कार. त्यांचं उत्तर बरोबर आहे, पण ते दुकानाचं उत्तर आहे. तुझं काय?"

अशी बावीस-तेवीस वर्षं गेली. सरांनी कधी 'जेवण नीट होतं का' विचारलं नाही. एकदा मी लिहिलं, "सर, मला सारखी भीती वाटते. कशाची ते कळत नाही." आठ दिवसांत कार्ड आलं. "भीती वाटते म्हणजे तू उत्तर आधीच काढून बसलास, आणि ते वाईट काढलंस. प्रश्न परत एकदा नीट वाच." ते कार्ड मी दुकानातल्या देव्हाऱ्याच्या काचेमागं ठेवलं आहे. तेजाबाच्या धुरानं पिवळं पडलं आहे. नेमकं कधी पडलं ते मला सांगता येणार नाही.

मागच्या मे महिन्यात नजमाचा फोन आला. ती आता सांगलीला कॉलेजात गणित शिकवते. "सरांना पंचाहत्तर लागतंय. जुनी पोरं एकेक आठवण लिहून देणार आहोत. तू लिही."

"मी काय लिहिणार? माझी नववीपण पुरी नाही. नावाखाली शिक्षण काय टाकशील?"

"शनिवारपर्यंत," ती म्हणाली.

"काय शनिवारपर्यंत?"

"शिक्षण. इयत्ता नववी, शनिवारपर्यंत." आणि हसली. मग म्हणाली, "पण आधी त्यांना भेटून ये. ते तुझं नाव काढतात आणि गप्प बसतात."

मी गावी गेलो, आणि तिथनं रहिमतपूरला. सरांचं घर बाजारपेठेच्या मागं. काकूंनी, सरांच्या मंडळींनी, दार उघडलं. सर आत कपडे बदलत होते तेवढ्यात काकू हळूच म्हणाल्या, "तुला सांगते, तुझी गाडी गेली तवापास्नं ह्यांनी एक सवय लावून घेतलीया. कुणाकडं जायचं असलं की तळहातावर पेनानं लिवून नेत्यात, कशाला चाललोय ते. परवा लग्नाला गेलो, तर हातावर 'लग्न'. मांडवात मुलीच्या बापाला नमस्कार केला तर त्यानं वाचलं."

सर आले. वाळले आहेत. डोळे तेच, समोरच्या बाभळीकडं बघणारे. पत्र्याच्या डब्यातनं त्यांनी माझी सगळी कार्डं काढून दाखवली, तारखेनं लावलेली. मामा कसा आहे विचारलं. मामा आता थकला आहे, मी सांगितलं, पण दुकानात नवं पोरगं आलं की तो विचारतो, "चांदी का घालायची, सांग." सर लहान मुलासारखे हसले.

मग त्यांनी डावा हात पुढं केला आणि तळहात उघडून बघितला. मलाही दिसलं. निळ्या शाईत एकच शब्द होता: 'विचार'.

"आज तू येणार म्हणून सकाळीच लिवून ठेवलंय," ते म्हणाले. "न्हाईतर सोन्याच्या गप्पांत परत ऱ्हाऊन जाईल. त्या रविवारी मी इसरलो. त्यानं तुझं काय गेलं?"

काकू दारात थांबल्या. मला कळलं की हा प्रश्न सरांच्या मनात तेवीस वर्षं होता, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. म्हातारा माणूस, मला घडवणारा माणूस. माझ्या तोंडात उत्तर तयारच होतं. "काही नाही सर. उलट तुमच्यामुळंच..."

"हात खाली," सर म्हणाले.

माझा हात वर नव्हता. तरी मी तो मांडीवर ठेवला.

"एवढ्या लवकर आलेलं उत्तर तुझं न्हवं. ते मला बरं वाटावं म्हणून आलंय. पुढच्या शनिवारी सांग."

मी त्रिशूरला परत आलो. तो आठवडा फार अवघड गेला. मी घाबरट माणूस आहे, मला कुणाचं मन मोडायला जमत नाही. पण प्रश्न परत नीट वाचला. काय गेलं? दहावी गेली. कडुलिंबाखाली नजमाशी भांडत गणितं सोडवायची, ते गेलं. बँकेत, रेशनला, पोरीच्या शाळेत, जिथं जिथं फॉर्म भरायचा तिथं 'शिक्षण' या रकान्याशी माझं पेन थांबतं, आणि समोरचा कारकून वर बघतो. एका दुपारी मामा मागच्या बाकावर बसून जुनं सोनं घासत होता. त्याला पाहून वाटलं, या माणसाला कुणी शाळेत ठेवलं असतं तर? आणि मग, मला? हे सगळं मी सरांच्या माथी मारू शकत नाही. ते तसे वागले नसते तर ते सर राहिले नसते. पण गेलं ते गेलंच. ते तिथंच आहे, घासलं की दिसतं.

शनिवारी दुकान बंद केलं, कॉक तीनदा बघितला आणि कार्ड लिहायला घेतलं. चार कार्डं फाडली. पाचव्यावर लिहिलं:

"सर, शाळा गेली. लय गेलं. पण शनिवार राहिला."

वाचून मला स्वतःलाच बरं वाटलं. शेवटचं वाक्य छान जमलं आहे असंही वाटलं. पेटीत टाकलं.

नऊ दिवसांनी पाकीट आलं. आत माझंच कार्ड होतं. शनिवारच्या तासाला सरांनी आयुष्यात कधी कुणाचं उत्तर तपासलं नव्हतं; या वेळी तपासलं होतं. 'शाळा गेली. लय गेलं.' यापुढं तांबड्या शाईत बरोबरची खूण. खूण मोठी होती. आणि 'पण शनिवार राहिला' याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: "हे छान आहे म्हणून लिहिलंस. राहिला का खरंच? परत विचार कर."

खाली कंसात: "मार्क नाहीत."

मी कार्ड काचेमागं ठेवलं, आधीच्या कार्डाशेजारी. मामानं तिकडनं विचारलं, "काय म्हणत्यात सर?"

"अजून विचार कर म्हणत्यात."

मामा टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाला, "मग कर की. आज सोमवार हाय."